काविळीला नुसती कावीळ म्हणून सोडू नका

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

आईचे डोळे पिवळे झाले तेव्हा आम्ही तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली. माळ वाढत वाढत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली, असं आमच्याकडे मानतात. माळ बेंबीपर्यंत आली, कावीळ चढतच गेली. रात्रभर ती अंग खाजवत बसायची. ताप नाही, पोटात दुखत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं, लिव्हरच्या गोळ्या दिल्या. सोनोग्राफी करा असं कुणीच म्हणालं नाही. दोन महिने असेच गेले.

तिला ड्युओडेनमचा कॅन्सर होता. जठराला लागून असलेला लहान आतड्याचा हा पहिला, वीतभर लांबीचा भाग. पित्तनलिका तिथेच उघडते. त्या तोंडाशी गाठ आली की पित्त अडतं, लघवी हळदीसारखी होते आणि शौच पांढुरकी. गाठ लहान असतानाच शरीर असं सांगू लागतं, आणि नेमकी तीच वेळ आम्ही घालवली. गाठ जरा पुढे असेल तर कावीळ होतही नाही. उलट्या, काळी शौच, घसरणारं हिमोग्लोबिन यावरूनच संशय घ्यावा लागतो.

घशातून पोटात घालायची नेहमीची दुर्बीण समोर पाहते आणि पित्तनलिकेचं हे तोंड असतं बाजूच्या भिंतीवर. आईच्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी बाजूला पाहणाऱ्या दुर्बिणीतून काढला. मग सीटी स्कॅन, मग व्हिपल शस्त्रक्रिया. सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी 1935 मध्ये ती मांडली. ड्युओडेनम, स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय काढायचं आणि उरलेलं सगळं पुन्हा आतड्याला जोडायचं. धास्ती असते स्वादुपिंडाच्या जोडाची. तो गळला तर जिवावर बेततं. पोटातल्या नळीतून आलेलं पाणी सिस्टर रोज सकाळी मोजायच्या, तेव्हा आम्ही श्वास रोखून उभे असायचो. असं काम रोजचा हात असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हावं. ते जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू करा, असं मी म्हणणार नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पण ती उपयोगी पडते निदान झाल्यावर. म्हणून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी आदेश द्या: चाळिशीपुढच्या माणसाला कावीळ झाली आणि सोबत खाज किंवा पांढुरकी शौच असेल, तर आठवड्याच्या आत सोनोग्राफी. पित्तनलिका फुगलेली दिसली की चिठ्ठी थेट मोठ्या रुग्णालयाची. आशाताईंना शौचाचा रंग विचारायला शिकवा. आईला तो कुणी विचारलाच नाही, आणि तिनं लाजेनं सांगितला नाही.

आपली,
एका रुग्णाची मुलगी