दुष्टांचं नाव खरंच कुजतं का?

संपादक साहेब, बायबलमधल्या दुष्टांवरचा तुमचा लेख वाचला, ठीक होता पण फारच एकतर्फी. बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक १०:७ मध्ये म्हणतं दुष्टांचं नाव कुजतं, तेवढंच धरून लेखकाने गाडी हाकली. अहो, त्याच बायबलमधल्या ईयोबच्या पुस्तकाचा २१वा अध्याय कुणी वाचायचा? तिथे संकटात सापडलेला नीतिमान ईयोब मित्रांना सरळ विचारतो की दुष्ट म्हातारे होईपर्यंत जगतात कसे, पोरंबाळं डोळ्यांसमोर सुखात, गुरंढोरं वाढतायत, आणि मेल्यावर वर थडग्यावर पहारा पण! त्या मित्रांपैकीच एक, बिल्दद, १८व्या अध्यायात ठासून सांगतो दुष्टाची आठवणसुद्धा उरत नाही, पण शेवटी देव चिडतो तो या मित्रांवरच ना. उपदेशक ८:१० मध्ये तर दुष्टांना रीतसर मूठमाती मिळालेली बघून लेखक वैतागलाय, म्हणतो हेही व्यर्थच. हा वाद बायबलमध्येच चाललाय, मग दुसरी बाजू पण छापा की.

एक वाचक, वसई