मध्यस्थी केंद्राचं कुलूप उघडा: विधी व न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

मी एसटीतला निवृत्त वाहक, वय 67. माझ्या मुलाचा संसार 2019 साली मोडला. आता तो कागदावरही शांतपणे मोडावा, एवढंच आमच्या दोन्ही घरांचं मागणं आहे. पत्र लिहायला बसलो ते गेल्या गुरुवारच्या प्रकारामुळे.

गुरुवारी जिल्ह्याच्या कोर्टात मध्यस्थीची तारीख होती, म्हणजे नेमलेल्या मध्यस्थासमोर दोन्ही बाजूंनी बसून वाद मिटवायचा. आमच्या तालुक्यापासून जिल्ह्याचं ठिकाण 78 किलोमीटर. मी आणि मुलगा सकाळी 6:10 च्या गाडीने निघालो. सूनबाई तिच्या माहेरच्या गावाहून दोन गाड्या बदलून आली. त्याआधी आठवडाभर दोघं फोनवर बोलले होते, सहा वर्षांत पहिल्यांदाच. तिचे चार तोळे, कपाट आणि शिलाई मशीन परत द्यायचं. नातवाचा शाळेचा खर्च मुलाने भरायचा. नातू तिच्याकडे राहील, दिवाळीचे चार दिवस आणि उन्हाळ्यात पंधरा दिवस आमच्याकडे येईल. मी हे सगळं वहीच्या पानावर लिहून नेलं होतं. सह्या तेवढ्या बाकी होत्या.

वेळ 11 ची होती. मध्यस्थी केंद्राच्या खोलीला कुलूप. साडेबारा वाजले तरी कुलूपच. शिपायाला विचारलं तर म्हणाला, साहेब आज येणार नाहीत, तारीख घ्या. आम्ही तिघं व्हरांड्यातल्या एकाच बाकावर बसलो होतो, कारण दुसरा बाक मोडलेला. सूनबाईने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "मामा, बीपीची गोळी घेतली का?" मला उत्तर देता आलं नाही. जिच्या वकिलाच्या अर्जात मी छळ करणारा सासरा आहे, ती माझ्या गोळीची आठवण ठेवते. आणि आमचं भांडण मिटवायला नेमलेला माणूस येत नाही, येणार नाही हे कळवतही नाही. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली.

खिडकीची एक काच फुटलेली होती, तिथून मी आत डोकावलो. जुन्या फायलींचे गठ्ठे सुतळीने बांधून टेबलावर रचलेले. खुर्च्या भिंतीला उलट्या टेकवलेल्या. साहेब फक्त त्याच दिवशी आले नाहीत असं नव्हतं, महोदय. त्या खोलीत बरेच दिवस कोणी बसलेलंच नव्हतं. बाहेर पाटी मात्र नवी कोरी आहे.

आम्ही आजच शहाणे झालो असंही नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये एका विवाह समुपदेशक बाईंनी दोघांना चार वेळा बसवून जवळपास हेच ठरवलं होतं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. कोर्ट पुन्हा सुरळीत चालू लागलं तोवर बाई बदलून गेल्या होत्या, त्यांच्या जागी कोणी आलं नाही आणि तो कागद फायलीत सहीविना राहिला. मग वकिलांनी ताबा घेतला. मुलाने नांदायला येण्याचा दावा लावला, तिने पोटगीचा, मग घरगुती हिंसाचाराचा अर्ज, मग 498-अ, म्हणजे नवरा-सासरच्यांनी छळ केल्याचा फौजदारी गुन्हा. एका संसाराचे चार खटले, तेही दोन गावांत. माझ्या मुलाचंही चुकलं, हे मी इथे लिहितो. चिडून त्याने तिला दारातून परत पाठवलं होतं. त्या दिवशी कोणी शहाणं माणूस दोघांच्या मध्ये बसलं असतं, तर यातला एकही कागद झाला नसता.

वाहकाला हिशेबाची सवय असते. गाडीतल्या तिकिटांच्या हिशेबाचं वे-बिल भरावं तशी मी तारखांची वही भरली आहे. नुसत्या जिल्ह्याच्या कोर्टातल्या तारखा 61 झाल्या. जाऊन-येऊन 156 किलोमीटर धरले तर 9,516 किलोमीटर होतात. वकिलांची फी, झेरॉक्स, मुद्रांक, जेवण मिळून आमच्याकडून 3 लाख 40 हजार गेले. सूनबाईच्या वडिलांनी अर्धा एकर विकली. त्या पैशात नातवाचं बारावीपर्यंतचं शिक्षण झालं असतं. त्या 61 तारखांपैकी खरं कामकाज झालं ते नऊ दिवस. बाकीचे दिवस पुढची तारीख घेण्यात गेले.

नातवाचं सांगतो. बापलेकाची भेट पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, दोन तास. तिथे प्लॅस्टिकची पिवळी घसरगुंडी आहे. 2019 ला तो चार वर्षांचा होता. भेटी सुरू झाल्या तेव्हा घसरगुंडीवरून उतरायला तयार नसायचा. आता तो दहाचा आहे. घसरगुंडीच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसतो आणि घड्याळाकडे बघतो. मी चिक्की नेतो, ती तो खिशात ठेवतो. मागच्या महिन्यात त्याने विचारलं, "आजोबा, आपण घरी कधी भेटणार?" याचं उत्तर आपल्या खात्यात कोणाकडे आहे?

आता आपल्या कायद्यांबद्दल लिहितो. सहा वर्षांत मीही वाचायला शिकलो. कौटुंबिक न्यायालयाचा कायदा 1984 चा आहे. पुण्या-मुंबईत 1989 ला ही न्यायालयं सुरू झाली. आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, असं त्याच्या नवव्या कलमात लिहिलं आहे. समुपदेशकांची तरतूद सहाव्या कलमात आहे आणि त्यांची संख्या राज्य सरकार उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून ठरवतं. म्हणजे ती जबाबदारी आपल्याकडे येते. शिवाय असं न्यायालय बंधनकारक आहे ते दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरातच. तालुक्यातल्या माणसाला हक्काचा समुपदेशक कधी मिळणार? नवराबायकोची भांडणं काय फक्त मोठ्या शहरात होतात?

सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं की वैवाहिक वाद आधी मध्यस्थीकडे पाठवा, मध्यस्थी केंद्रांत खटल्याआधीचे कक्ष उघडा आणि त्यांची लोकांना माहिती द्या. आमच्या भागात ती माहिती मी एकाही भिंतीवर वाचली नाही. 2017 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात माफ करता येते. 2023 ला संसदेने मध्यस्थीचा वेगळा कायदा केला. त्यात मुदत 120 दिवसांची, दोन्ही बाजू कबूल असतील तर आणखी 60. आमची मध्यस्थी खोलीपर्यंतच पोचलेली नाही, मग ते दिवस मोजायचे कुठून? आणि उद्या सह्या झाल्या तरी 498-अ इथे मिटत नाही. ते रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणजे आणखी एक वकील, आणखी एक फी.

घरात बसून मिटवा, असं मला कोणी सांगू नये. पूर्वीच्या बैठका मी पाहिल्या आहेत. चार पुरुष पारावर बसायचे आणि बाईला खाली मान घालून ऐकावं लागायचं. जात पंचायतींनी घरंच्या घरं वाळीत टाकली, म्हणून 2016 ला याच राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. ते मला परत नको आहे. जिथे मारहाण आहे, हुंड्यासाठी छळ आहे, तिथे बाईवर समेट लादू नका, तिला आधी संरक्षण द्या. पण जिथे दोघंही थकलेत आणि दोघांनाही सुटायचं आहे, तिथे शिकलेला, सरकारी पगाराचा, कोणाच्या गोतावळ्यात नसलेला माणूस मध्ये बसायला हवा.

आर. आर. आबा गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आमच्या गावात तेव्हा समितीने बांधाची भांडणं खरोखर मिटवली, मी साक्षीदार आहे. आज समितीचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. त्यावरच्या नावांपैकी तीन माणसं वारली. नवी नावं कोणी लिहिली नाहीत.

सगळीकडे हेच आहे, महोदय. पाटी लावायला पैसे मिळतात, पाटीखाली बसणाऱ्या माणसाला मिळत नाहीत. इमारतीचं उद्घाटन होतं, पद रिकामं राहतं. समुपदेशक नाही, शिरस्तेदार म्हणजे कोर्टातला कारकून दोन टेबलं सांभाळतो. विधी आयोगाने 1987 ला सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत. आज त्याच्या निम्मेही नाहीत आणि देशातले तुंबलेले खटले पाच कोटींच्या वर गेले. गुरुवारी मी बोर्डावरची प्रकरणं मोजली. 87 होती. एक न्यायाधीश, एक दिवस. त्या माणसालाही मी दोष देत नाही. मी दोष देतो तो हे माहीत असूनही वर्षानुवर्षं अंदाजपत्रक वाचणाऱ्यांना. निवडणुकीत आमच्या दारात सगळे पक्ष येतात. मागच्या वेळी मी प्रत्येकाला समुपदेशकाचं विचारलं. तो विषय कोणालाच माहीत नव्हता.

एसटीत तुम्ही बायकांना अर्धं तिकीट केलं, ते चांगलं केलं. सूनबाई त्याच तिकिटावर तारखेला येते. पण तिला यायलाच लागू नये, हे काम तुमचं आहे. प्रत्येक तालुका न्यायालयात कायम पदावरचा समुपदेशक द्या, कंत्राटी नको, कारण कंत्राट संपलं की आमचं ठरलेलं सगळं हवेत जातं. दोघांचं जमलं की कागदावर त्याच दिवशी सह्या आणि न्यायाधीशांसमोर नोंद व्हावी. मध्यस्थ येणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, आमचे नंबर फायलीवर आहेत. आणि मुलाची भेट कोर्टाच्या खोलीबाहेर कशी होईल, हे पहिल्या महिन्यातच ठरवा, बाकी वाद चालू राहिला तरी.

वहीचं ते पान मी अजून खिशात ठेवलं आहे. पुढच्या तारखेला मी पुन्हा 6:10 च्या गाडीत असेन. सूनबाईही येणार आहे, तिने कालच फोन केला. त्या दिवशी 11 वाजता ती खोली उघडी हवी आणि आत माणूस बसलेला हवा.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक