उघडिपीत रंगवलेला पट्टा टिकत नाही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मासेमारीबंदीचा १ जून ते ३१ जुलै हा काळ संपत आला की रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होड्या रंगवण्याची धांदल उडते. नारळी पौर्णिमेला होडी नव्यासारखी दिसावी ही हौस मलाही आहे. परंतु दोन सरींमधल्या उघडिपीत मारलेला रंग दिवाळीपर्यंतही टिकत नाही, हा अनुभव गेल्या वर्षी रंगाऱ्याला पैसे मोजून घेतल्यावर यंदा माझ्या २२ फुटी, १७ वर्षांच्या फायबर होडीवरचे फिके पडलेले लाल पट्टे मी स्वतःच, तेही मे महिन्यात होडी वर ओढल्यावर रंगवले.

गेल्या वर्षी दोष रंगाचा नव्हता, हवेचा होता. रंग आणि हार्डनर (रंग कडक करणारा द्रव) मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगातील हार्डनरचा हवेतल्या ओलाव्याशीही संयोग होतो, त्यामुळे चकाकी मरते आणि बारीक बुडबुडे येतात. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियस अधिक असावे, हा रंगकामाचा सर्वमान्य नियम जुलैच्या कोकणात पाळता येणे कठीणच. मेमध्येही भर उन्हात ब्रशच्या रेघा उमटतात, म्हणून दव वाळल्यावर सकाळच्या सावलीत काम उरकावे.

पट्टा फिका पडला म्हणजे तो रंगवायलाच हवा असे नाही. उन्हातील अतिनील किरणांनी वरचा थर पिठूळ होतो. ओले फडके फिरवल्यावर मूळ लाल रंग खुलून दिसला, तर अनेकदा रबिंग कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) आणि मेण यांवरच भागते. माझ्या होडीच्या उजव्या अंगाला एवढ्यानेच काम झाले असते. पण डावी बाजू वर्षानुवर्षे दुपारचे ऊन खात उभी असल्याने तिथला थर पार झिजला होता, आणि एकच बाजू रंगवली तर होडी दोन मालकांची वाटली असती.

सर्वांत मोठी चूक होते ती घासण्याच्या क्रमात. होडी गोड्या पाण्याने धुऊन खार काढल्यावर आधी थिनरच्या फडक्याने मेण आणि तेलकटपणा पुसून घ्यावा, मगच वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) हाती धरावा. क्रम उलटला तर मेण ओरखड्यांत शिरून बसते आणि नवा रंग त्यावर धरत नाही. जुन्या पट्ट्याच्या कडेबाहेर मास्किंग टेप लावून फक्त आतला भाग आधी २२० आणि नंतर ३२० नंबरच्या पेपरने ओला घासावा. मूळ कड पुसली गेली की सरळ रेष पुन्हा सापडत नाही. होडी पाण्यात जिथवर बुडते त्या जलरेषेचा पट्टा नव्याने आखायचाच असेल, तर होडी समतल टेकवून गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने खुणा कराव्यात. टेप तुकड्यातुकड्यांत न लावता लांब ताणून लावावी आणि दहा पावले मागे जाऊन डोळ्याने तपासावी. टेपखालच्या भागावर मी आपल्याच दैनिकाचे जुने अंक चिकटवले होते. एका पानातून रंग झिरपतो, दोन पाने लागतात, हे जाता जाता नोंदवतो.

जाड थर एकदाच देण्यापेक्षा पातळ दोन हात द्यावेत: रोलरने पसरून लगेच कोरड्या ब्रशचे टोक हलकेच फिरवावे. हार्डनरचे प्रमाण डब्यासोबतच्या पत्रकात पाहावे. सुट्या रंगासोबत दुकानदार ते देत नाही, तेव्हा मागून घ्यावे. शेवटचा हात किंचित ओला असतानाच टेप तिरकी मागे ओढत काढावी, नाहीतर कडेचे पापुद्रे निघतात. हार्डनरमधील आयसोसायनेट श्वसनाला घातक असल्याने हे काम घरी फवाऱ्याने करू नये. रोलर वापरतानाही हातमोजे आणि वाफ अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क घालावा. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

मासेमारी नौकांना रंगसंकेत ठरवून दिलेले असल्याने मालकांनी पट्ट्याचा रंग हौसेखातर बदलू नये, आणि नोंदणी क्रमांकाची अक्षरे झाकून मगच घासायला घ्यावे. रंग कडक व्हायला आठवडा दिल्यावर ताडपत्री टाकली तरी ती पट्ट्याला टेकू देऊ नये. माझी एका जागी टेकली, आणि तिथे हातभर पांढुरका डाग आजही दिसतो.

आपला,
एक होडीमालक, मुरुड, जि. रायगड