उन्हाळ्यात गाडीची हवा कमी करू नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की आपल्या सोलापुरात एक वाक्य ठरलेलं असतं. पंक्चरवाला असो, पंपावरचा पोरगा असो नाहीतर शेजारचे काका, सगळे एकच सांगणार, "ऊन लई हाय, हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटंल." मी पण वीस वर्षं हेच ऐकत आलो आणि तसंच करत आलो. पण हे साफ चुकीचं आहे आणि याच्यामुळं माणसं पडतात, म्हणून हे पत्र.

गेल्या मे महिन्यात मी आणि बायको गाडीवर अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालो, सोबत दोन भरलेल्या पिशव्या. निघताना चौकातल्या पंक्चरवाल्यानं नेहमीसारखी मागच्या चाकातली थोडी हवा सोडली, अंगठ्यानं टायर दाबला आणि म्हणाला झालं, जावा. गेज म्हणजे हवा मोजायचं मीटर, ते वगैरे काही नाही. गावात काही कळलं नाही पण कुंभारी सोडली आणि जरा स्पीड धरला तशी गाडी मागून हलायला लागली. वळणावर गाडी लवकर वाकायची नाही आणि वाकली की एकदम जास्तच वाकायची, बाजूनं ट्रक गेला की हँडल सरळ धरून सुद्धा डोलायची. मला वाटलं वारं आहे. बायको मागून सांगत होती अहो चाक हलतंय, थांबा जरा, मी काय ऐकलं नाही. वळसंगच्या अलीकडं मागचा टायर एकदम बसला. गाडीनं दोन-तीन जोरात हिसके मारले, मी ब्रेक दाबला नाही, नुसता अ‍ॅक्सिलेटर सोडला आणि हँडल घट्ट धरलं, तरी कडेच्या मातीत जाऊन आडवी झालीच. बायकोचं कोपर सोललं. मागून त्या वेळी एखादा ट्रक असता तर काय झालं असतं हा विचार अजून रात्री येतो.

मेकॅनिकनं टायर उघडला तेव्हा ट्यूबचा व्हॉल्व्ह बुडातनं फाटलेला होता आणि टायरच्या आतून काळी रबराची भुकटी निघाली, ओंजळभर तरी असेल. त्यानं समजावलं की हवा कमी असली की टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, सरकताना ट्यूबला पण ओढून नेतो, पण व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला, मग तो फाटणार नाहीतर काय. आणि ती भुकटी म्हणजे टायरच्या बाजू दुमडून दुमडून आतनं झिजलेल्या.

खरी गोष्ट इथंच आहे. पन्नासच्या स्पीडला चाक मिनिटाला चारशेच्या वर फेरे मारतं, हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायर खाली दबतो, बाजू दुमडतात, परत सरळ होतात. लोखंडी तार हातानं मागंपुढं वाकवून बघा, तुटायच्या आधी ती चटका बसेल इतकी गरम होते, टायरचं तसंच होतं. म्हणजे ज्या उष्णतेला घाबरून आपण हवा सोडतो तीच उष्णता आपण टायरमध्ये वाढवतो. उन्हानं प्रेशर वाढतं हे खरं, पण किती, तर १० डिग्री तापमान वाढलं की साधारण दीड पीएसआय (हवेचा दाब याच मापात मोजतात). कंपनीनं टायर बनवताना ते धरलेलंच असतं. चेन कव्हरवर नाहीतर मागच्या चाकाजवळ जो स्टिकर असतो त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणून हवा सकाळी गाडी काढायच्या आधी बघायची, आणि दुपारी फिरून आल्यावर आकडा वाढलेला दिसला तरी सोडायची नाही.

माझ्या गाडीला पुढं २५, मागं एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ लिहिलंय. हा डबलसीटचा वेगळा आकडा वीस वर्षांत मला कोणी सांगितला नव्हता. पडल्यानंतर मी दोन-तीनशे रुपयांचा गेज घेतला आणि मुद्दाम त्याच पंक्चरवाल्याकडं जाऊन त्याच्या अंदाजानं हवा करून घेतली, मोजली तर मागं २१. बत्तीसच्या जागी एकवीस, आणि वर दोन माणसं!

पंपावर याच्या उलट. तिथं न विचारता पुढं-मागं ४० मारतात, टाइट असली की अ‍ॅव्हरेज देते म्हणून. पुढचा टायर एवढा कडक झाला की रस्त्याला त्याची थोडीशीच पट्टी टेकते, वळणावर वाळू असली की चाक सटकतं आणि खराब पॅचवर गाडी नुसती उडते. टायर मधोमध झिजलेला दिसला तर समजा हवा जास्त आहे, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. टायरच्या बाजूला छापलेला मॅक्स आकडा पण भरायचा नसतो, ती शेवटची मर्यादा आहे.

पंपवाल्यांना हात जोडून विनंती, हवा फुकट द्यायलाच लागते आणि ती तुम्ही देता पण, मग गेज तरी चालू ठेवा. मी जातो त्या पंपावर मशीनवर पोतं टाकलेलं असतं आणि गेजची काच फुटलेली, काटा शून्यावर येतच नाही. वजनमापे खात्यानं पेट्रोलच्या मापाबरोबर हवेचा गेज पण बघावा. आणि आरटीओवाल्यांनो, लायसन देताना आठचा आकडा काढायला लावता, तेव्हाच पोरांना विचारा की तुझ्या गाडीला हवा किती लागते, सांगता नाही आलं तर आधी स्टिकर वाचून ये म्हणून परत पाठवा.

आपला,
एक नेहमीचा वाचक, जुळे सोलापूर