पावत्यांचं खोकं

संपादक साहेब, मी उद्यमबाग आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांना घरी बसून इंजिनिअरिंग ड्रॉइंग करून देतो, नोकरी नाही, टीडीएस कापून पैसे येतात. गेल्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये खर्च दाखवायला माडीवरच्या कामाच्या खोलीचं हेस्कॉमचं लाइट बिल, इंटरनेट, पेट्रोल, हत्तरगी-कोगनोळी टोलनाक्यांचं फास्टॅग स्टेटमेंट सगळं बुटाच्या खोक्यात साठवून सीएकडं गेलो, तर ते हसले, म्हणाले ४४एडीए, म्हणजे ठरावीक व्यवसायांना अंदाजे उत्पन्नावर कर भरू देणारं इन्कम टॅक्सचं कलम, घेतलंय न्हवं, मग हे कशाला? आलेल्या पैशांतले निम्मे उत्पन्न धरले की घर-प्रवासाचा खर्च उरलेल्या निम्म्यातच आला, वेगळा मागता येत नाही. उत्पन्न निम्म्याहून कमी दाखवायचं तर वह्या ठेवा, ऑडिट करा. माझा खर्च तर तिसरा हिस्सासुद्धा नव्हता, उगीच वर्षभर चिठ्ठ्या जपल्या!

पण ही सोय सगळ्यांना नाही. बायको कन्नड-मराठी भाषांतर करते, ते काम त्या कलमातल्या व्यवसायांच्या यादीत नाही, म्हणून ती खऱ्या खर्चाचा हिशेब ठेवते, तोही कामापुरताच, म्हणजे लाइट बिलातला खोलीचा वाटा, अख्खं बिल नव्हे. आणि एकाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत, हे तिला लॅपटॉप घेतल्यावर कळलं.

- एक वाचक, शहापूर, बेळगाव