खापर सुट्या भागांवर नको

महोदय,

'टूरिंग कारच्या शर्यतीत आता राम राहिला नाही' ही ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपदाच्या म्हणजे बीटीसीसीच्या जुन्या चाहत्यांची नेहमीची तक्रार. खापर फुटते ते सगळ्या गाड्यांना सक्तीच्या केलेल्या सारख्या सुट्या भागांवर. दुखणे खरे आहे, पण जागा चुकली आहे.

नव्वदच्या दशकातल्या सुपर टूरिंगची ओढ कुणालाही वाटावी. दोन लिटरचे बिनटर्बोचे इंजिन, मिनिटाला ८,५०० फेऱ्यांची मर्यादा, ३०० च्या आसपास अश्वशक्ती आणि बाकी डोके ज्याचे त्याचे. १९९४ मध्ये व्होल्वोने चक्क ८५० इस्टेट, म्हणजे मागे सामानाची लांबलचक जागा असलेली घरगुती गाडी, ट्रॅकवर उतरवली. त्याच वर्षी अल्फा रोमिओ १५५ च्या पुढच्या स्प्लिटरवरून, म्हणजे बंपरखालच्या हवा कापणाऱ्या पट्टीवरून, आणि मागच्या पंखावरून वाद पेटला. ओल्टन पार्कच्या ट्रॅकवरून संघ निघून गेला, तरी विजेतेपद गाब्रिएले तार्क्विनीनेच नेले. १९९६ मध्ये चारही चाकांना ताकद देणाऱ्या ऑडी ए४ ने फ्रँक बिएलाला विजेता केले. मात्र प्रत्येक नव्या युक्तीला पैसा लागत होता. २००० साली मुख्य गटात कारखान्यांचे संघ उरले तीन: फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल. ट्रॅक भरलेला दिसावा म्हणून त्याच वर्षी जवळपास रस्त्यावरच्याच गाड्यांचा वेगळा वर्ग जोडावा लागला, आणि पुढच्या वर्षी नवे नियम आणावे लागले. मोकळीक दिली की रंगत येतेच, असेही नाही. टूरिंग कारच्या जागतिक स्पर्धेत २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे सिट्रोएन सी-एलिसे चालवणारा होसे मारिया लोपेसच जिंकला.

बीटीसीसीत २०११ मध्ये आलेल्या एनजीटीसी म्हणजे 'नेक्स्ट जनरेशन टूरिंग कार' नियमांनी पुढची-मागची सबफ्रेम (गाडीखालचा सुटा सांगाडा), सस्पेन्शन, ब्रेक, सहा गिअरचा सिक्वेन्शियल (क्रमानेच गिअर बदलणारा) गिअरबॉक्स आणि इंजिनाचा संगणक सगळ्यांना सारखा केला. याचा खरा फायदा पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त होतात त्या जागी, दिसतो. रविवारी एकाच दिवशी तीन शर्यती होतात. ब्रँड्स हॅच ट्रॅकच्या पॅडॉक हिल बेंड या वळणावर पुढच्या चाकाला धक्का बसला की विशबोन म्हणजे चाक धरणारा सस्पेन्शनचा हात वाकतो, टो म्हणजे चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन बिघडतो, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरके धरावे लागते आणि टायरची एकच कड खरवडून निघते. पूर्वी अशा गाडीचा दिवस तिथेच संपण्याची भीती असे. आता इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनचे हात पेलणारी पुढची सबफ्रेम बोल्ट सोडून खाली घेता येते, दुसरी चढवता येते आणि गाडी पुढच्या शर्यतीच्या रांगेत उभी राहू शकते. खासगी संघ टिकले ते यामुळे. शिवाय पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांमधला फरक अजून शाबूत आहे. सुटताना वजन मागे सरकते, म्हणून मागची चाके ढकलणारी बीएमडब्ल्यू झेपावते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचे पुढचे टायर लवकर तापतात, पण वळणे, ओढणे आणि ब्रेकचा बहुतेक भार त्यांच्यावरच असल्याने शेवटच्या फेऱ्यांत ती वळणाबाहेर घसरू लागते. हा सामना पाहण्यासारखाच आहे.

मग बिघडते कुठे? जिंकणाऱ्याला मागे ओढण्याच्या सोसात. वर्षानुवर्षे आघाडीवीराच्या गाडीत जादा वजन चढत असे, एके काळी ७५ किलोपर्यंत. ते निदान खरे ओझे होते. ब्रेक आधी दाबावा लागे, टायर जपावे लागत, आणि कसलेला चालक त्यातूनही वाट काढी. २०२२ मध्ये वजनाऐवजी हायब्रिडची, म्हणजे विजेच्या मोटरची, जादा ताकद आली आणि ती वापरण्याचे पुढे असणाऱ्याच्या वाट्याचे सेकंद कापले जाऊ लागले. सरळ रस्त्यावर मागचा बटण दाबून निघून जाई, पुढच्याकडे उत्तरच नसे. त्याला ओव्हरटेक म्हणणे जिवावर येई. २०२४ नंतर हायब्रिड काढले, हे चांगलेच झाले.

त्याहून खटकते ती तिसऱ्या शर्यतीची उलटी रांग. चिठ्ठी काढायची आणि दुसऱ्या शर्यतीतल्या पहिल्या काही जणांचा क्रम उलटा करायचा. सकाळपासून सरस ठरलेला चालक गर्दीत सापडतो, कुणाचा तरी बंपर लागतो, रेडिएटर फुटतो. प्रेक्षकाला धडकाधडक दिसते, पण त्या दिवशी सर्वांत वेगवान कोण होते, हे कळतच नाही. टूरिंग कारमध्ये घासाघीस हवीच, मात्र ती जागेसाठी झगडताना झालेली असावी.

शोरूममधून सेदान हटून उंच एसयूव्ही आल्या, युरोपात मोंडेओचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, त्यामुळे 'आपल्या दारातली गाडी' हे नातेही सैल झाले. त्याला आयोजक काय करणार? चिठ्ठी मात्र त्यांच्या हातात आहे. ती बंद करावी आणि तिसऱ्या शर्यतीची रांग दुसऱ्या शर्यतीतल्या प्रत्येकाच्या सर्वांत वेगवान फेरीवरून लावावी. धडकेमुळे मागे पडलेल्यालाही मग जोर लावायला कारण उरेल आणि सगळ्यांना सारख्या सबफ्रेमचा नियम मोडीत काढायची गरज पडणार नाही.

– मोटरस्पोर्टचे काही चाहते, पुणे