गच्चीवरची बाग छान, पण गच्ची कोणाकडे आहे?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गच्चीवरच्या बागेचे फोटो येतात, बघायला भारी वाटतं, पण पत्र्याच्या घरात राहणाऱ्याने भाजी कुठे लावायची ते कोणी लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी चार घरी पोळ्या करते. मागे मच्छीवालीकडनं थर्माकोलचे सहा खोके आणले, खाली भोकं पाडली, रसवंतीवाल्याकडे उसाचं चिपाड फुकटात मिळतं ते वाळवून तुकडे करून भरलं आणि वर माती नि ओल्या कचऱ्याचं खत. मेथी महिन्याभरात निघते, पालक उपटायचा नाही, वरनं कापला की परत फुटतो. आठवड्याला एखाद-दोन जुड्या होतात, भाजी महागली की तेवढाच आधार. पण खरं सांगू का, त्यात गॅसची टाकी येत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड झालं की हंडा प्यायला ठेवायचा का पालकाला घालायचा? पालक गेला दरवेळी.

खोक्यावर गरिबी हटत नाही, जागा आणि नळ लागतो. मुलीने मोबाईलवर वाचून दाखवलं, अर्जेंटिनात रोसारियो म्हणून शहर आहे, 2001 ला देश बुडाला, लोकांची कामं गेली तर 2002 पासून तिथल्या पालिकेने पडीक जागा भाजी लावायला दिल्या, वर विकायला बाजार पण लावून दिले. आपल्याकडे तर लोकलच्या खिडकीतनं दिसायचं ना, रुळाच्या कडेला लाल माठ, भेंडी, पालक, ती जमीन रेल्वेनेच आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी दिलेली. म्हणजे द्यायची म्हटली की देता येते! फक्त बऱ्याच ठिकाणी पाणी नाल्याचं असायचं, मग लोक गटारातली भाजी म्हणून नाक मुरडायचे, पण कसणाऱ्याला नळ कोणी दिला होता का?

आमच्या वस्तीला लागून एक आरक्षित प्लॉट आहे, कित्येक वर्षं तिथे फक्त डेब्रिज पडतं. तो बचत गटाला निदान तीन वर्षांच्या लेखी कराराने द्या, नाहीतर पीक हाताशी आलं की कोणीतरी येऊन उठवतो. एक नळ द्या, माती तपासून द्या, त्या डेब्रिजखाली काय काय पुरलंय देव जाणे. भाडं भरू आम्ही, फुकट कोण मागतंय.

दोनदा अर्ज दिला. दुसऱ्या वेळी ऑफिसात म्हणाले पहिला सापडत नाहीये. तिसरा लिहून ठेवलाय, या वेळी झेरॉक्सवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरनं हलणार नाही.

— एक वाचक, ठाणे जिल्हा